साध्या कॉलेजातून परदेशातल्या नावाजलेल्या विद्यापीठात ट्रान्सफर: कोणी केलंय का?

दुष्काळी_ढग
नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी एसईला (इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला) आहे, कॉम्प्युटर. कॉलेज मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी. नाव सांगितलं तर आमच्याच जिल्ह्यातले लोक "हे कुठं आलं?" म्हणून विचारतात. सीईटीच्या वेळी टायफॉइड झाला होता, मग कॅप राउंडला मिळालं ते घेतलं. पहिल्या वर्षाचा सीजीपीए ९.३, केटी एकही नाही. लायब्ररी पाचला बंद होते, लॅबमधली निम्मी मशिन्स चालू होत नाहीत. डेटा स्ट्रक्चर्सचे सर सेमिस्टर अर्ध्यावर असताना सोडून गेले. तेव्हापासून आम्ही पाच-सहा जण तो विषय यूट्यूबवर बघतो आणि मागच्या वर्गात फळ्यावर एकमेकांना शिकवतो.

डोक्यात असं आहे की डिग्री पूर्ण व्हायची वाट बघायची नाही. इथूनच अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठात दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाला जायचं. आपल्याकडे डिप्लोमावाले डायरेक्ट सेकंड इयरला येतात, तसं तिकडे असतंच की. बाबा पतसंस्थेत आहेत, थोडी शेती आहे, सगळं मिळून ४० लाखांपर्यंत ताणता येईल म्हणतात. माझी खरी भीती एकच: कॉलेजचं नावच कुणी ऐकलेलं नाही, तर अर्ज उघडून तरी बघतील का?

झणझणीत
हार्वर्ड, स्टॅनफर्ड की थेट नासा? चालू द्या, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

दुसरी_पाळी
ढगभाऊ, उगाच स्वप्नाला टाचणी लावायची म्हणून नाही सांगत, पण हिशेब करून बघ. अमेरिकेतल्या मोठ्या खाजगी विद्यापीठात फी, राहणं, खाणं, विमा धरून वर्षाला ८५ हजार डॉलरच्या पुढे जातं. म्हणजे पाऊण कोटीच्या आसपास, एका वर्षाचे. तुझे ४० लाख तिथे दुसरी दिवाळी बघणार नाहीत. त्यापेक्षा इथली चार वर्षं नीट काढ, एखादा चांगला प्रोजेक्ट कर आणि एमएसला, म्हणजे तिकडच्या मास्टर्सला जा. मीही असाच आडगावच्या कॉलेजातून एमएसला आलो. इथे आल्यावर बॅचलर कुठून केलं हे कुणी विचारलं असेल तर ते चहाच्या टपरीवर, म्हणजे इथे टपरी नाही म्हणा.

शिवाय शिष्यवृत्त्या बघ. आपल्या राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे. जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्तीसुद्धा पदवीधरांसाठी. अर्ध्या पदवीवर जाणाऱ्याच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही.

अवांतरवीर
अवांतर: ओबामा १९८१ मध्ये ऑक्सिडेंटल नावाच्या छोट्या कॉलेजातून कोलंबियात ट्रान्सफर झाले होते. आणि आपले बाबासाहेब त्याच कोलंबियात १९१३ मध्ये गेले ते एल्फिन्स्टनमधून बीए पूर्ण करून, सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. घ्या, दोन्ही बाजूंना एकेक उदाहरण.

दुसरी_पाळी
@अवांतरवीर, ओबामा अमेरिकेतूनच अमेरिकेत गेले. आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठाने द्यायचा कागद) नको, व्हिसा नको, बँकेचा दाखला नको. आणि बाबासाहेबांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे, आभारी आहे.

खाडीकाठची
मी कॅलिफोर्नियात एका कम्युनिटी कॉलेजच्या (म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजच्या) परदेशी विद्यार्थी कक्षात काम करते. ट्रान्सफरचे अर्ज हाच रोजचा धंदा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॉलेजच्या नावाचं आधी. अर्ज वाचणाऱ्याला सातासमुद्रापलीकडच्या कॉलेजांचा दर्जा पाठ नसतो, आणि असण्याची गरजही नसते. तो बघतो ते हे की जिथे होतास तिथे जे मिळण्यासारखं होतं त्यातलं तू किती घेतलंस. तुझ्या वर्गात तू कुठे आहेस आणि विषय कसले घेतलेत यावर बरंच ठरतं. तेव्हा नावाची भीती सोड.

भीती बाळगायचीच तर जागांच्या संख्येची बाळग. हार्वर्ड ट्रान्सफरने वर्षाला सरासरी डझनभर मुलं घेतं, दीड हजाराच्या आसपास अर्जांतून. प्रिन्स्टनने तर १९९० पासून ट्रान्सफर बंदच ठेवलं होतं, ते २०१८ मध्ये पुन्हा सुरू केलं. त्यातही ओढा सैन्यातून आलेल्या आणि कम्युनिटी कॉलेजच्या मुलांकडे. याउलट कॉर्नेल दर वर्षी शेकड्यांनी घेतं, दक्षिण कॅलिफोर्नियातलं यूएससी हजाराच्या वर. म्हणजे "नामांकित" या एका शब्दाखाली दोन वेगवेगळी जगं आहेत. पहिल्या जगात तीन-तीन अर्ज करून वर्ष घालवणारी मुलं मी बघते आणि चिडचिड होते.

दुसरं म्हणजे वेळ. हार्वर्डला किमान एक वर्ष आणि जास्तीत जास्त दोन वर्षं कॉलेज झालेलं लागतं. टीईत, म्हणजे तिसऱ्या वर्षात गेलास की दार बंद. बऱ्याच ठिकाणी उरलेली निदान दोन वर्षं त्यांच्याकडे करावीच लागतात, त्यामुळे शेवटच्या वर्षासाठी उडी मारणं हा प्रकारच नाही. खाजगी विद्यापीठांच्या मुदती साधारण मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात संपतात. यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, तिथल्या सरकारी विद्यापीठांचा अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात.

आणि ते डायरेक्ट सेकंड इयर डोक्यातून काढ. तिकडे वर्षाला प्रवेश मिळत नाही, क्रेडिटला मिळतो. तुझा एकेक विषय त्यांच्या विषयाशी लावून बघतात. गणित, फिजिक्स, प्रोग्रॅमिंग लागतं. वर्कशॉप आणि इंजिनिअरिंग ग्राफिक्सचं बहुतेकदा काही होत नाही. पण खरी मेख वेगळीच आहे. त्यांच्याकडे कॉम्प्युटरवाल्यालाही निबंधलेखन, इतिहास, समाजशास्त्र, कला असलं काही ना काही करावंच लागतं. यूसीच्या किमान अटींत इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स, गणिताचा एक आणि बाकी चार निरनिराळ्या शाखांतले असे सात येतात. आपल्याकडचा एसईचा मुलगा दोन वर्षं कसून अभ्यास करून येतो आणि त्यांच्या हिशेबात निम्म्या रकान्यांत भोपळा असतो. मग चारची साडेचार-पाच वर्षं होतात. हा वाढीव खर्च कुठल्याच एजंटच्या माहितीपत्रकात छापलेला नसतो.

नाशिकची_माउली
खाडीकाठताईंना अनुमोदन. माझी मुलगी मणिपालच्या आयसीएएस या संस्थेतून गेली, दोन वर्षं तिथे आणि दोन अमेरिकेत. तो अभ्यासक्रमच मुळी ट्रान्सफर डोळ्यांसमोर ठेवून आखलाय, तरीही तिला तिथे गेल्यावर लेखनाचा एक वर्ग करावा लागलाच. पण विषय कुठे बसणार हे आधी माहीत होतं, म्हणून जीव टांगणीला नव्हता. व्हीआयटीचाही असा कार्यक्रम आहे. बारावीच्या मुलांचे पालक हा धागा वाचत असतील तर त्यांनी बघून ठेवावं. ढगबाळा, तुला आता त्याचा उपयोग नाही म्हणा.

पैशांबाबत एक. आम्ही बँकेचं कर्ज घेतलं, घर तारण ठेवून. १ एप्रिल २०२५ पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या पैशावर टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापत नाहीत. तेव्हा पाठवायचे पैसे कर्जातले कुठले आणि घरचे कुठले याचा विचार सीएबरोबर बसून आधीच करा. आम्हाला तेव्हा ही सवलत नव्हती.

म्युनिक_मिसळ
सगळे अमेरिका अमेरिका करताय, म्हणून जर्मनीची बाजू मांडतो.

इथे भारतातली बारावी थेट प्रवेशाला पुरत नाही. पण बारावी चांगली असेल आणि भारतातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठाचं एक वर्ष यशस्वी झालं असेल, तर त्याच विषयाच्या शाखेत सरळ अर्ज करता येतो. जेईई अॅडव्हान्स्ड पास झालेल्यांनाही करता येतो. म्हणजे ढगाचं ते नाव नसलेल्या कॉलेजातलं पहिलं वर्ष इथे चक्क किल्ली आहे. फक्त आपली संस्था जर्मन यादीत मान्यताप्राप्त म्हणून आहे ना, ते आधी बघायचं.

नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे दिल्लीतला एक कक्ष तुमची कागदपत्रं खरी आहेत का ते तपासतो. व्हिसासाठी 'ब्लॉक्ड' खात्यात (ज्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. सरकारी विद्यापीठांत फी बहुतेक ठिकाणी नाममात्र. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने मात्र २०२४-२५ च्या हिवाळी सेमिस्टरपासून युरोपाबाहेरच्यांना बॅचलरला सेमिस्टरमागे २ ते ३ हजार युरो फी लावली. तरी अमेरिकेच्या मानाने चिल्लर.

आता गोम. बॅचलर बहुतेक जर्मन भाषेत, आणि नुसतं "इख हाइसं" (माझं नाव अमुक) म्हणून भागत नाही, सी१ च्या आसपास पातळी लागते, ए१ ही पहिली पायरी धरली तर सी१ पाचवी. रोज घासलं तरी दीड वर्ष धर. आधीचे विषय धरून वरच्या सेमिस्टरला बसवायचं की पहिल्यापासून सुरू करायला लावायचं हे त्या विभागाची परीक्षा समिती ठरवते. माझ्या ओळखीतले बहुतेक पहिल्यापासूनच बसले.

कट्ट्यावरचा
ऑक्सफर्ड-केंब्रिजचं काय?

म्युनिक_मिसळ
ऑक्सफर्ड दुसऱ्या विद्यापीठातून ट्रान्सफर घेतच नाही. नव्याने पहिल्या वर्षाला अर्ज करायचा, १५ ऑक्टोबरच्या आत. केंब्रिजचीही तीच तऱ्हा.

कॅनडातला_काका
कॅनडाबद्दल इतकंच: "आधी कुठल्याही कॉलेजात घुसू आणि मग टोरांटो नाहीतर यूबीसी (ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ) गाठू" हे पूर्वी सर्रास चालायचं, ते आता अवघड झालंय. ८ नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेज बदलायचं तर नवीन स्टडी परमिट काढावं लागतं. एजंट अजून जुनीच टेप वाजवतायत.

निवृत्त_कारकून
मी परीक्षा विभागात नोकरी केली. विद्यापीठ कुठलं ते राहू द्या. मुलाने नीट लक्षात घ्यावं, तुमचं कॉलेज संलग्न असेल तर गुणपत्रिकेवर ठळक नाव विद्यापीठाचं असतं, कॉलेजचं बारीक अक्षरात नाहीतर नुसता कोड. तिकडच्या माणसाच्या हाती जो कागद पडतो तो विद्यापीठाचा. त्यामुळे कॉलेजचं नाव हा निम्मा प्रश्न इथेच मिटतो.

उरलेला निम्मा कागदांचा आहे, आणि मुलं तिथेच फसतात. ट्रान्स्क्रिप्टसाठी आता बहुतेक विद्यापीठांत ऑनलाइन अर्ज होतो, पण ज्यांना अजून बंद लिफाफा लागतो त्यांच्यासाठी सांगतो. लिफाफ्याची झाकणपट्टी चिकटवल्यावर जोडावर अधिकाऱ्याची सही घ्यायची, म्हणजे अर्धी पट्टीवर आणि अर्धी पाकिटावर. गोल शिक्काही तसाच जोडावर. तो वाळू द्यायचा आणि मग वरून पारदर्शक चिकटपट्टी लावायची. घाईघाईत आधी चिकटपट्टी लावून तिच्यावर शिक्का मारतात, शाई धरत नाही, टपालात पुसली जाते, आणि तिकडून "पाकीट उघडलेलं दिसतं" म्हणून परत येतं. कारकुनाला हे सांगायला लाजू नका. पाकीट तुमचं आहे.

अभ्यासक्रमाच्या प्रतीही लागतील. खाडीकाठताई विषय जुळवतात म्हणाल्या ते त्यावरूनच. ज्या वर्षी तुम्ही शिकलात त्याच पॅटर्नचा घ्या, संकेतस्थळावर नवा चढवलेला असतो. प्रत्येक पानावर शिक्का. माध्यम इंग्रजी असल्याचा दाखला त्याच खेपेत काढून ठेवा.

दुष्काळी_ढग
बापरे, एवढं सगळं लिहिलंत, सगळ्यांचे आभार. वाचनखूण साठवली. कॉमन अॅपवर (अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांचा एकत्र ऑनलाइन अर्ज) खातं काढून बघितलं तर त्यात कॉलेज रिपोर्ट आणि मिड-टर्म रिपोर्ट असे दोन फॉर्म आहेत, रजिस्ट्रारने भरायचे. आमच्याकडे रजिस्ट्रार नाहीच, ओएस (ऑफिस सुपरिंटेंडेंट) मॅडम आहेत. त्या म्हणाल्या, असला फॉर्म आजपर्यंत आला नाही, जीआर दाखव. आणि तिसऱ्या सेमिस्टरचा निकाल फेब्रुवारीच्या आत लागेल असं वाटत नाही. शिफारसपत्राचं विचारलं तर सर म्हणाले, "तूच लिहून आण, मी सही ठोकतो."

झणझणीत
जीआर दाखव!! मेलो. हार्वर्डला पत्र पाठवा, शासन निर्णय काढा म्हणावं.

खाडीकाठची
झणझणीत, तुम्ही हसताय, पण भारतातून येणारे निम्मे अर्ज इथेच अडकतात.

कॉलेज रिपोर्ट म्हणजे मुलगा खरंच आमच्याकडे शिकतोय, अमुक गुण आहेत आणि त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झालेली नाही, एवढंच. तुझी कागदपत्रं ज्यांच्याकडे असतात त्या कुठल्याही अधिकाऱ्याने भरलं तरी चालतं. ओएस मॅडम चालतील, प्राचार्य चालतील. मिड-टर्म रिपोर्टमध्ये चालू सेमिस्टरचे गुण विचारतात. आपल्याकडे तसे गुण नसतात, तर विषयशिक्षकांकडून अंतर्गत परीक्षेचे गुण लिहून सही घ्यायची आणि निकाल विद्यापीठ कधी लावतं ते एका ओळीत खाली नमूद करायचं. निकाल उशिरा लागतो हे त्यांना कळतं. रिकामा रकाना मात्र खपत नाही.

शिफारसपत्र तू लिहू नकोस. चांगलं-वाईट नंतर, ते ओळखू येतं. एकाच भाषेत निबंध आणि दोन्ही पत्रं आली की वाचणारा मान हलवतो. सरांना जाऊन सांग की मी मुद्दे आणून देतो, वाक्यं तुमची असू देत, इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल. आणि पत्र कॉलेजच्या ईमेलवरून जाऊ दे. जीमेलवरून आलेल्या पत्रावर शंका घेतात.

आता निबंधाचं. तुझ्या पहिल्या पोस्टमधला लायब्ररी आणि बंद मशिन्सचा भाग अर्जात येऊ देऊ नको. कॉलेजची गाऱ्हाणी वाचून त्यांना कंटाळा आलेला असतो. पण शिकवणारे गेल्यावर फळ्यावर एकमेकांना डेटा स्ट्रक्चर्स शिकवलं, हे तू जाता जाता एका वाक्यात उडवलंस. तुझ्या अर्जातला सगळ्यात वजनदार परिच्छेद तोच आहे. कोण काय शिकवायचं, कुठल्या गोष्टीवर गाडं अडलं, तू ते कसं सोडवलंस, बाकीच्यांच्या मार्कांवर काय परिणाम झाला, हे लिही.

दुष्काळी_ढग
पण ताई, ते तर आम्ही पास व्हायचं म्हणून केलं.

खाडीकाठची
असंच लिही मग.

दुसरी_पाळी
हे सगळं ठीक, पण ४० लाखांचा प्रश्न तसाच लोंबकळतोय. मोठ्या विद्यापीठांत परदेशी ट्रान्सफरवाल्याला आर्थिक मदत मिळण्याची शक्यता फ्रेशरपेक्षाही कमी. पुष्कळ ठिकाणी मदत मागितली हेच प्रवेशाच्या वेळी बघतात. यूसीला परदेशी विद्यार्थ्याला नेहमीच्या फीवर जादा फीच वर्षाला ३४ हजार डॉलरच्या वर आणि मदत जवळपास नाही.

खाडीकाठची
बरोबर आहे, त्यात वाद नाही. हार्वर्ड-येलसारखी काही मोजकी ठिकाणं गरजेप्रमाणे पूर्ण मदत देतात, पण तिथल्या जागा मी वर सांगितल्याच.

माझ्या घरचाच मार्ग म्हणून सांगत नाही, पण कम्युनिटी कॉलेजचा रस्ता ढगाने निदान माहीत करून घ्यावा. यूसीत ट्रान्सफरने येणाऱ्या दहांतले नऊ कॅलिफोर्नियाच्याच कम्युनिटी कॉलेजांतले असतात. डेव्हिस, अर्व्हाइन, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ, रिव्हरसाइड, मर्सेड या सहा ठिकाणी ठरलेले विषय आणि ठरलेले गुण मिळवले तर प्रवेशाची लेखी हमी मिळते. मात्र कॉम्प्युटरसारख्या गर्दीच्या विषयांना काही कॅम्पस ही हमी देत नाहीत. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीतच. कम्युनिटी कॉलेजात राहण्या-खाण्यासकट वर्षाला तीस हजार डॉलर धर, बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) त्याहून जास्त. दोन वर्षांत तुझे ४० लाख संपले आणि यूसीची महाग दोन वर्षं उरली, असं चित्र आहे. शिवाय चालू इंजिनिअरिंग सोडून दोन वर्षांच्या कॉलेजात का चाललास, हे व्हिसाच्या खिडकीवर दोन मिनिटांत पटवावं लागतं. ते जमत नाही म्हणून परतलेली हुशार मुलं आहेत.

तेव्हा स्पष्ट बोलायचं तर ४० लाखांत अमेरिकेत बॅचलर बसत नाही, ट्रान्सफरने नाही आणि पहिल्यापासूनही नाही. भरपूर मदत देणाऱ्या तीन-चार ठिकाणी अर्ज करायचा तर जरूर कर, फी-माफीचा अर्जही करता येतो. पण तो लागला तर लागला म्हणून. त्यासाठी टीईचा अभ्यास सोडू नको.

नाशिकची_माउली
आणि "खात्रीशीर ट्रान्सफर" म्हणून लाख-दीड लाख मागणाऱ्या दुकानांत जाऊ नको रे. अमेरिकेतली नावाजलेली विद्यापीठं एजंटला कमिशन देत नाहीत, त्यामुळे ते तुला गोड बोलून जिथे कमिशन आहे तिथे नेऊन सोडतात.

दुष्काळी_ढग
काल बाबांना हा सगळा धागा वाचून दाखवला. ठरलं ते असं: गरजेप्रमाणे मदत देणाऱ्या तीन ठिकाणी मार्चमध्ये अर्ज टाकतो. नाही झालं तर टीई, बीई इथेच आणि एमएसची तयारी. म्युनिकदादांचं वाचून जर्मन ए१ ची बॅचही बघून ठेवलीय, ऑनलाइन. एमएसला तिकडे जायचं तरी उपयोगी पडेल. सरांनी पत्र स्वतः लिहायचं कबूल केलं, मराठीत लिहून देतो म्हणाले, भाषांतर तू कर. हे चालेल का?

आणि एक. ओएस मॅडम म्हणतायत, बाहेर जायचंय तर आधी प्रवेश रद्दचा अर्ज दे, टीसी आणि मायग्रेशन काढ, मग फॉर्म भरते.

खाडीकाठची
मराठीत लिहिलं तर उत्तमच. फक्त भाषांतर तुझं नको, प्रमाणित भाषांतरकाराकडून करून घे आणि सरांनी मूळ मराठी पत्रासकट स्वतः अपलोड करायचं.

निवृत्त_कारकून
टीसी काढू नका! प्रवेश रद्दचा अर्ज तर अजिबात देऊ नका. त्या फॉर्मसाठी चालू विद्यार्थीच असावं लागतं, प्रवेश रद्द केल्यावर बाई भरणार कशाच्या आधारावर? प्राचार्यांच्या नावाने साधा अर्ज लिहा, विषय "परदेशी विद्यापीठात अर्जासाठी माहिती प्रमाणित करून मिळणेबाबत". सोबत बोनाफाइड आणि फॉर्मची छापील प्रत जोडा. आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. मूळ दाखले व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर बसेपर्यंत कॉलेजातच राहू द्या. आणि टीईची फी वेळेवर भरा.